भिंत कुठली निवडायची

कोहमाऱ्याच्या चौकात उभं राहिलं की फोटोच फोटो दिसतात. पश्चिमेला साकोली-नागपूर, पूर्वेला देवरी-रायपूर, उत्तरेला गोरेगाव-गोंदिया आणि दक्षिणेला नवेगावबांध अशा वाटा इथून फुटतात, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी कोणाचा तरी वाढदिवस फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो. दिवाळी उलटली की नाटकांच्या जाहिराती येतात. नायिकेचा चेहरा मोठा, खलनायकाचा त्याहून मोठा. फोटो स्टुडिओच्या काचेमागे एक नवरा-नवरी कित्येक वर्षांपासून बसलेली आहेत. उन्हानं त्यांचा लाल आणि पिवळा खाऊन टाकलाय, नुसता निळा उरलाय. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं फोटोप्रदर्शन म्हणजे ही काच. पण इथं कोणाला विचारलं, "फोटोंचं प्रदर्शन कुठे भरतं हो?" तर तो गोंदियाकडे बोट दाखवेल, आणि जरा विचार करून नागपूरकडे.

ही गोष्ट मला खटकते, कारण फोटो काढणाऱ्यांची या रस्त्यावर वाण नाही. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ च्या डिसेंबरात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. हंगामात हातभर लांबीच्या लेन्स घेतलेली मंडळी या भागातून जातात. 'जय' नावाचा वाघ नागझिऱ्यात जन्मला, उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याचे फोटो मात्र पांगले ते पांगलेच. ते ज्या रानात निघाले, त्या रानाच्या वेशीवरच्या गावांनी ते पाहिले असतील तर मोबाइलवर, तळहाताएवढे.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. फोटोग्राफर आपलं काम भिंतीवर का लावतात? आणि कसं लावतात? माझ्या मते पहिल्याचं उत्तर खरेपणानं दिलं की दुसऱ्याचं अर्धंअधिक सुटतं. घोळ होतो तो 'का' गुलदस्त्यात ठेवून थेट हॉल बुक करायला धावल्यामुळे.

मुळात लावायलाच हवेत असंही नाही. शिकागोत व्हिव्हियन मायर नावाची बाई लोकांची मुलं सांभाळायची आणि फावल्या वेळात रस्त्यावरचे फोटो काढायची. लाखाच्या वर निगेटिव्ह. हयातीत तिनं ते जगाला दाखवले नाहीत. २००७ मध्ये भाडं थकलेल्या गोदामातलं तिचं सामान लिलावात निघालं म्हणून ते बाहेर आले. आज तिची प्रदर्शनं देशोदेशी भरतात. त्यातला कुठला फोटो तिनं स्वतः निवडला असता, हे आता कोणाला सांगता येणार नाही. दुसऱ्या टोकाला आपल्याकडचे जितेंद्र आर्य. नटनट्यांचे आणि मासिकांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढून ते २०११ मध्ये गेले. २०१७ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात सबीना गडिहोके यांनी त्यांच्या संग्रहातून मोठं प्रदर्शन उभं केलं. तिथेही छायाचित्रकाराच्या मागे निवड दुसऱ्यानं केली, पण माग ठेवलेला होता, नावं-तारखा होत्या. प्रदर्शन म्हणजे आधी निवड, मग भिंत. नागझिऱ्यात आज सगळ्यात जास्त फोटो कोण काढतं? झाडाला बांधलेले वन विभागाचे कॅमेरा ट्रॅप. त्यांच्या हजारो फोटोंतून वाघ मोजले जातात, पट्टे जुळवले जातात. त्याला कोणी प्रदर्शन म्हणत नाही, कारण त्यातला एक उचलून "हा बघा" असं म्हणणारं कोणी तिथं नसतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ही हौस जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. साहेब लोकांच्या त्या मंडळात डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे फोटो होते. त्या काळी 'का' सोपा होता. नवी विद्या आम्हालाही येते, हे दाखवायचं.

'आम्हालाही येतं' ही प्रेरणा अजून मेलेली नाही, फक्त तिला पदव्या चिकटल्या. १९५० मध्ये युरोपात छायाचित्रकारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, १९५३ मध्ये आपल्याकडे भारतीय महासंघ. त्यांच्या मान्यतेनं सलोन भरतात. फी भरून चार-चार फोटो पाठवायचे, पंच गुण देतात, ठरावीक गुणांच्या वरचे 'स्वीकृत'. स्वीकृती साठत गेल्या की नावापुढे अक्षरं लागतात. या रिवाजाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. आडगावच्या माणसाला आपला फोटो परक्या नजरेखालून घालण्याची ही एकमेव वाट होती, आणि कडा कापणं, उजेड सांभाळणं, पार्श्वभूमीतला विजेचा खांब टाळणं हे कित्येकांना सलोननंच शिकवलं. पण पंच सेकंदा-दोन सेकंदांत निर्णय देतात म्हटल्यावर फोटोही त्याच बेतानं निघू लागतात. धुक्यात जाळं फेकणारा एकटा कोळी, विडीच्या धुरातला सुरकुतलेला म्हातारा, संध्याकाळच्या धुळीत परतणारी मेंढरं. कोळी तोच, धुकं तेच, जाळं हवेत गोल. कधी कधी वाटतं, त्या बिचाऱ्यानं मासे पकडणं सोडून नुसतं जाळंच फेकायचं काम धरलं असावं. जिथं दाखवायचं ती जागा काय दाखवायचं हेही ठरवायला लागते, त्याचा हा ढळढळीत नमुना.

दुसरी भिंत मुंबईची. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली. न्यूयॉर्कला १९५५ मध्ये भरलेलं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे ६८ देशांतल्या ५०३ फोटोंचं प्रदर्शन जगभर फिरताना मुंबईलाही आलं होतं. फोटो एकमेकांशेजारी टांगले की त्यांचं मिळून एक बोलणं होतं, हे त्यानं कित्येकांना पहिल्यांदा दाखवलं. जहांगीरची वरची टेरेस गॅलरी फोटोवाल्यांच्या विशेष जिव्हाळ्याची. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन. इथं तारीख मिळवायला थांबावं लागतं, जहांगीरला तर वर्षं मोजावी लागतात. मिळाली की भाडं, प्रिंट, फ्रेमा, पत्रिका, चहा हा सगळा खर्च फोटोग्राफरचा. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण. पाहुणे पहिले तीन फोटो बारकाईनं बघतात, पुढचे चालता चालता. अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम' हा शब्द पानोपान. विक्री? चित्रकाराकडून चित्र घेणारा माणूस फोटोग्राफरला हमखास विचारतो, "पण फाइल तुमच्याकडेच राहणार ना? मग आणखी शंभर काढाल." त्याला उतारा म्हणून मर्यादित प्रती काढायच्या, प्रत्येकीवर दहांपैकी तिसरी असं लिहून सही करायची. हे चालतं, पण मोजक्यांचं.

तरीही लोक का लावतात, हे जहांगीरला कोपऱ्यात उभं राहून मला एकदा कळलं. एक माणूस एका फोटोसमोर थांबला. मागे सरला. पुन्हा जवळ गेला, चष्मा काढून कोपऱ्यात काहीतरी पाहिलं. सगळं मिळून मिनिटभर. मोबाइलवर त्याच फोटोला अंगठ्याखाली किती वेळ मिळाला असता? फोटोग्राफर भाडं भरतो ते त्या मिनिटाचं. आणि स्वतःसाठीही भरतो. पडद्यावर झकास दिसणारा फोटो वीस बाय तीस इंचांवर आला की त्यातलं हललेलं पाऊल, फाटलेलं आभाळ, आळसानं सोडलेला कोपरा सगळं चव्हाट्यावर येतं. मोठी प्रिंट फोटोग्राफरची फजिती करते आणि त्यातूनच शिकवते.

आता ज्या कारणासाठी मला हा लेख लिहावासा वाटला तिथं येतो. काही जण फोटो लावतात ते फोटोतल्या माणसांसाठी. सुधारक ओळवे मूळचे अकोल्याकडचे, मुंबईत वृत्तछायाचित्रकार. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे ते वर्षानुवर्षं फिरले, गटारात उतरणाऱ्या, कचऱ्याच्या गाडीत उभ्या असणाऱ्या, घरी परतून अंग घासणाऱ्या माणसांसोबत. ते फोटो दालनांत लागले, परदेशांत गेले. २०१६ मध्ये ओळव्यांना पद्मश्री मिळाली. शहराला रोज दिसत असून न दिसणारं काम त्यांनी शहराच्याच भिंतीवर टांगलं, तेही अंगावर येईल अशा आकारात. ज्याच्या घरचा कचरा उचलला गेला, त्यालाच तो फोटो बघायला उभं केलं.

पी. साईनाथांनी एक पाऊल पुढे टाकलं, दालनच सोडलं. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून त्यांनी कष्टकरी बायकांचे कृष्णधवल फोटो काढले. दिसणारं काम आणि न दिसणाऱ्या बाया, असा त्या प्रदर्शनाच्या नावाचा आशय. ते बसस्थानकांवर, रेल्वे स्टेशनांवर, कारखान्यांच्या फाटकांवर, शेतमजुरांच्या मेळाव्यांत, शाळा-कॉलेजांत लागलं. एकट्या भारतात सात लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. काम चालू असताना, बसची वाट बघताना, डबा हातात धरून. त्या फोटोंत बाया बहुतेक वाकलेल्या आहेत: रोवताना, झाडताना, उचलताना. साईनाथांनी मजकूरही फोटोइतकाच ठळक लावला. शुद्ध कलावाद्यांना हे आवडत नाही. फोटोनं स्वतःच बोलावं, खाली शब्द नकोत, असं त्यांचं म्हणणं. मला ते श्रीमंती म्हणणं वाटतं. ज्याला संदर्भ आधीच ठाऊक आहे त्यालाच मुका फोटो परवडतो.

वन्यजीव छायाचित्रकारांचं कारण 'स्वतःसाठी' आणि 'फोटोतल्यांसाठी' यांच्या मधलं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची स्पर्धा १९६५ पासूनची. निवडलेले फोटो तिथं मागून उजेड दिलेल्या फलकांवर लागतात. अंधाऱ्या दालनात फोटो खिडकीसारखा उजळतो. २०१६ मध्ये मुंबईच्या नयन खानोलकरांना तिथं शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. आरे कॉलनीतल्या वारली पाड्यातल्या बोळातून बिबट्या निवांत चाललाय, घरांचे दिवे लागलेले. कॅमेरा लावून चार महिने वाट पाहिल्यावर तो फोटो मिळाला. २०२० मध्ये पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरला भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या फोटोसाठी त्याच स्पर्धेत गौरव मिळाला. खानोलकरांचा फोटो मला जास्त मोलाचा वाटतो, आणि बिबट्यामुळे नव्हे. त्यात बोळ आहे, उजेड आहे, दाराआड माणसं आहेत. बिबट्या तिथला शेजारी वाटतो. आपल्याकडचे वाघांचे फोटो बहुधा असे काढतात की मागे गाव नाही, रस्ता नाही, पाणी पाजायला आणलेला बैल नाही. लेन्स जितकी लांब तितकं गाव धूसर. मग असं प्रदर्शन मुरदोलीच्या जंगलातून रोज मोटारसायकलनं जाणाऱ्या माणसाला काय सांगणार? तो वाघ त्याच्या ओळखीचाच नसतो.

सारसाचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, तोही तीस-चाळीसच्या आत-बाहेर. तो धानाच्या बांधीत घरटं करतो, म्हणून त्याचं जगणं-मरणं त्या बांधीच्या मालकाच्या मर्जीवर. 'सेवा' ही गोंदियाची संस्था शेतकऱ्यांना सोबत घेऊन काम करते ती त्यामुळेच. सारसाचा फोटो पुण्यात लावला तर हळहळ मिळेल. परसवाड्याच्या नाहीतर झिलमिलीच्या शाळेत लावला तर अंडी वाचू शकतील. हे बोलायला सोपं आहे, कबूल. पण ऑक्टोबराच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताहात फोटो लागतात तेव्हा ते कुठल्या गावात लागले, कोणी पाहिले, याचा हिशेब घेऊन बघा.

भिंत बदलायचे प्रयोग बाहेर बरेच झालेत. ढाक्यात छबिमेळा या छायाचित्र महोत्सवात फोटो सायकलरिक्षांवर लादून गल्लीबोळांत फिरवतात. नेपाळात २०१५ च्या एप्रिलात भूकंप झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पाटणच्या चौकांत, विटांच्या भिंतींवर फोटो लागले. गोव्यात 'गोवाफोटो' महोत्सवानं आधी साळगावात आणि मग हळदोण्यात राहती घरंच दालनं केली. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या जेवणघरात परदेशी फोटोग्राफरचं काम, आणि घरधनी यजमान. कुठल्याही पांढऱ्या दालनात न मिळणारी एक गोष्ट तिथं मिळाली: फोटो बघायला आलेल्याला कोणीतरी पाणी विचारलं.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीला हे सगळं आयात करायची गरज नाही, इथं मंडई आहे. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. प्रेक्षक आयता. दोन वर्षांपूर्वी कोहमाऱ्याजवळच्या एका गावच्या मंडईत मी शाळेच्या कंपाउंडला फोटो लावून पाहिले. फोटो माझेच, हौशी. निवडले बावीस, लागले सतरा. पाच वाऱ्यानं घेतले.

काय काय चुकलं ते सांगतो. सनबोर्डवर चिकटवलेल्या प्रिंट भक्कम दिसतात, पण उघड्यावर त्या शिडासारख्या वारा धरतात. नायलॉनच्या दोरीला कपड्यांचे चिमटे लावून साध्या कागदावरच्या प्रिंटच टिकल्या. चकचकीत कागद घेतला ही दुसरी चूक. दुपारी अकरा ते तीन फोटोत फोटो सोडून बघणाऱ्याचा चेहरा आणि मागचं आभाळ दिसत होतं. उघड्यावर मॅट कागद, आणि भिंत शक्यतो पूर्वेकडे तोंड असलेली, म्हणजे दुपारनंतर सावली. उंचीचं तर हसूच झालं. दालनांचा ठोकताळा असा की फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५-१५० सेंटिमीटरवर यावा, उभ्या माणसाच्या नजरेला. मी तसाच लावला. पण बघायला आधी आली ती पोरं. ती उड्या मारून बघत होती. तासाभरानं दोरी वीतभर खाली घेतली.

रंगाची फजिती त्याहून मोठी. प्रिंट ज्यानं काढल्या त्यानं हिरव्यात पिवळा ओतला होता, आणि घाईत मी नमुना प्रिंट बघितली नव्हती. शहरात कोणाच्या लक्षात आलं नसतं. इथं एका शेतकऱ्यानं धानाच्या फोटोसमोर उभं राहून गंभीरपणे विचारलं, "ह्या बांधीत तुडतुडा लागला होता का?" मला आजवर मिळालेल्या परीक्षणांत इतकं अचूक दुसरं नाही.

लोक कशापुढे थांबतात, याचे माझे अंदाजही कोसळले. नवेगावच्या तलावावरच्या पाणपक्ष्यांचा फोटो मला जीव की प्राण. लोकांनी त्यात पक्षी पाहिलेच नाहीत. पाळ कुठली, पाणी कुठवर चढलंय, ते कोणत्या वर्षीचं असेल, यावर चर्चा. जंगली कुत्र्यांच्या फोटोपुढे एक गुराखी आपली कालवड कशी गेली ते बराच वेळ सांगत होता, आणि त्याच्याभोवती माझ्या फोटोपेक्षा जास्त गर्दी जमली.

पण सगळ्यात जास्त वेळ बाया थांबल्या त्या एका फोटोसमोर. रोवणीचा फोटो. जुलैचा पाऊस, चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत ओळीनं वाकलेल्या बाया, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, चेहरा एकीचाही दिसत नाही. मी तो निवडला होता तो त्या पाठींच्या लयीसाठी, आणि खाली लिहिलं होतं: 'रोवणी, जुलै'. साईनाथांचे फोटो पाहिलेले असूनही मी हेच लिहिलं होतं. चार-पाच जणी पुढे झाल्या. एकीनं बोट ठेवलं, ही अमकी. कशावरून? पाठ वाकवायची तऱ्हा तिचीच. ही तमकी, डाव्या हातानं रोवते. तिसरीनं आपलीच पाठ ओळखली आणि तोंडाला पदर लावून हसली. पाच पाठी, पाच नावं, मिनिटभरात.

मग त्यांच्यातली वयस्कर बाई माझ्याकडे वळली.

"फोटो तं चांगला आहे जी, पण नावं काहून नाही लिवले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, स्केचपेन होतं. तिनं सांगितली, मी लिहीत गेलो. 'रोवणी, जुलै' खोडलं. पाच झाली तशी मी टोपण लावायला लागलो, तर तिनं हात धरला आणि सहावं नाव सांगितलं. मी पुन्हा पाठी मोजल्या. पाचच होत्या.

"ते पऱ्हे आनाले गेली होती," ती म्हणाली. "लिवा."